मुकी पाणंद

ओंजळ शाळा,
शनिवार, २४ मे

प्रिय त्रिशला,

जय जिनेंद्र. हे आधी लिहिलं नाही तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून पहिल्याच ओळीत उरकून टाकलं.

फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवर माझा नंबर बंद करून ठेवलायस. पोस्टाने पाठवलं तर पाकिटावरचं अक्षर ओळखून परत धाडशील. म्हणून हे स्वप्नालीच्या हाती देतेय. ती आमची बालवर्गाची नवी बाई. माहेर सांगलीचं, तुझ्या घराच्या मागच्याच गल्लीत. दर शनिवारी जाते, सोमवारी सकाळी कराडला उतरते. पोरगी गुणी आहे, तिच्यावर दार आपटू नकोस.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सोळा जूनला शाळा भरतेय आणि मला तू हवी आहेस.

तुला शाळा सोडून दोन वर्षं झाली. निमित्त झोपाळ्याच्या कडीचं. एका पोराचा हात मोडला, मी पालकांना म्हटलं खेळताना पडला, आणि तू भर सभेत उभी राहून सांगितलंस की कडी झिजली होती आणि आम्हाला दोघींना ते माहीत होतं. खरं होतं ते. पण आधी माझ्या कानात सांगायचंस ना! नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण माझ्याच शाळेत, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर? असो. ते उगाळायला हा कागद घेतलेला नाही.

पहिल्या दिवसाची आपली पद्धत तूच घातलेली. गाड्या सगळ्या डांबरी रस्त्यावर सोडायच्या. तिथून शाळेपर्यंत पाणंदीने अनवाणी चालत यायचं. पोराचा हात घरातल्या सगळ्यात वडील बाईने धरायचा, आणि वाटेत कोणी चकार शब्द काढायचा नाही. दोन्ही अंगांना ऊस. पोरांनी तो ऐकायचा, पाखरं ऐकायची, आपल्याच पायांखालची माती ऐकायची. मग दारात आपण दोघींनी एकेका पोराचे पाय धुवायचे. पहिल्या वर्षी गाव हसलं होतं. "बाया पोरास्नी मुकं करून शाळंत न्यायला लागल्या," म्हणून. आता कराड-मलकापूरचे डॉक्टर-इंजिनिअर त्या मुक्या पाणंदीसाठी पोरांची नावं घालतात. पाय धुताना तुझ्याकडची रांग नेहमी लांब असायची, माझी बोटं टोचतात म्हणे पोरांना. तू गेल्यापासून एकटी धुते आणि संध्याकाळी कंबर धरून बसते.

आता खरी बातमी. आधी खाली बस. तुझी नात येतेय माझ्या शाळेत. आर्जव मलकापूरहून स्वतः आला, प्रांजलचं नाव बालवर्गात घालून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, आईला इतक्यात सांगू नका." म्हणून लगेच सांगतेय.

प्रांजलच्या घरातली सगळ्यात वडील बाई कोण, हे मी तुला सांगायला नको. ये.

बाकी सगळं ठीक. आपल्या स्वयंपाकाच्या मनुबाईची शेळी मात्र गेली. दावं तिथंच, शेळी नाही. मनुबाई आता शाळेतच राहते, स्वयंपाकघरामागच्या खोलीत, मला सोबत म्हणून. ती म्हणते बिबट्या. मी म्हणते चोर.

तुझी,
संयोगिता


ओंजळ शाळा,
शनिवार, ३१ मे

प्रिय त्रिशला,

स्वप्नाली सांगत होती, तू पत्र घेतलंस, उभ्यानेच वाचलंस, तिला थालीपीठ खायला घातलंस आणि उत्तर काही दिलं नाहीस. थालीपीठ हेच उत्तर समजू का? कडक होतं की मऊ, तेवढं विचारून घेतलं. मऊ होतं म्हणाली. मी त्यातून काय काढायचं ते काढलंय.

पालकांना निमंत्रण गेलं. दरवर्षी तू लिहायचीस, यंदा मी लिहिलं: 'नव्या वर्षात आपल्या घराचं स्वागत. येताना चपला, गाडी आणि शब्द रस्त्यावर ठेवून या.' बरं जमलंय ना? व्हॉट्सअॅपवर लगेच फुलं आणि हात जोडलेली चित्रं आली. पण त्यातच एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'मॅम, तुमच्या भागात बिबट्या आहे असं ऐकलं. पाणंद सेफ आहे ना?'

हे मनुबाईचं काम. शेळी गेल्यापासून बाई गावभर बोभाटा करत फिरतेय. मी उत्तर दिलं, 'रानमांजर असावं. काळजी नसावी.' खाली लगेच सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. माणसांना तेवढंच हवं असतं गं.

तरी वनखात्याचा मुलगा येऊन गेला. शिवतेज नाव, पाटणकडचा, सालस आहे. पाणंदीच्या कडेला ओल्या मातीत वाकून बसला, मोबाइलने फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, मादी हाय. पिल्लं असणार हितंच उसात. घाबरू नका, ती आपल्या वाटेला जात नाही. फक्त माणसांनी घोळक्यानं जायचं, मोठ्यानं बोलत जायचं, गाणी लावायची. आन ऊस इतक्यात कुणी तोडू नका. पिल्लं पायावर उभी ऱ्हायली की ती आपणहून हलवती." 

मोठ्यानं बोलत! मुक्या पाणंदीत! तू हसली असतीस.

त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली, उसात आहे. म्हणजे ऊसच नसला तर? शाळेच्या कुंपणाला लागून लालासाहेबांचा बेणेमळा आहे, लागणीच्या बियाण्याचा ऊस. यंदा पाणंदीला ऊस तेवढाच, पलीकडे नुसता मक्याचा पट्टा. नाहीतरी जुलैत लागणीसाठी ते तो तोडतातच. महिनाभर आधी तुटला तर सोळा तारखेला सगळं मोकळं मैदान. लांबून ससा दिसेल.

लालासाहेबांकडे गेले. म्हणाले, "आवं बाई, बेणं तोडलं की ताजं लावाय लागतंय. आताच तोडून त्याचा काय मांडव घालू?" मग मी त्यांचा नातू ऋषिराज याचा विषय काढला. पोराला बालवर्गात बसवायचंय आणि वय थोडं कमी पडतंय, गेले सहा महिने ते माझ्या मागे आहेत. मी म्हटलं, बघू या, वयाचं काय एवढं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. "वैरन म्हनून इकतो मग. तुमी म्हंताय तर तोडतो. पन बाई, त्यात जे काय हाय ते जानार कुटं? ते काय एसटी धरून कराडला जातंय व्हय?"

मोठे विनोदी आहेत लालासाहेब.

तुझी,
संयोगिता


ओंजळ शाळा,
शनिवार, ७ जून

त्रिशला,

बेणेमळा तुटला. खिडकीतून आता थेट डांबरी रस्ता दिसतो, एसटीसुद्धा दिसते. इतकं उघडं मी हे रान कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांना जरा सलतं, पण सवय होईल.

तयारी झपाट्याने चाललीय. बालवर्गाच्या भिंती धुतल्या, खिडक्यांना रंग दिला. त्या खोलीला सध्या कुलूप आहे. रंग ओला आहे म्हणून. स्वप्नालीने दोनदा किल्ली मागितली, मी दिली नाही. तू तिला काही विचारू नकोस, तिला काही माहीत नाही.

एक विचारायचं होतं. आर्जव लहान असताना तुमच्या ओट्यावर मांजर व्यायली होती आणि मांजर मेल्यावर पिल्लं तू वाढवली होतीस, आठवतं? त्यांना गाईचं दूध द्यायचीस की शेळीचं? पाणी घालून की तसंच? आमच्याकडे दोन सापडलीत. उघड्यावर होती, ऊन रणरणत होतं, वर कुत्री टपलेली. मी शाळा चालवते. कोणाचंही असो, लेकरू उन्हात टाकून येणं मला जमलं नाही. एक दांडगं आहे, फिसकारतं. दुसरं दूध तोंडातून बाहेर सोडतं आणि पोट फुगवून पडून राहतं.

मनुबाई गेली. नुसती घरी गेली असं नाही, शाळा सोडून गेली. बोचकं बांधलं, माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ती हाका मारतीया. करवत वढल्यावानी. तुमाला ऐकू येत न्हाई का तुमी ऐकत न्हाई?" मी म्हटलं, मनुबाई, तू माझ्याकडे इतकी वर्षं आहेस, असं अर्ध्यावर टाकून जाणार? तर म्हणाली, "मी बी आई हाय. माजी शेळी खाल्ली तिनं, ते मी सोसलं. पन ह्ये न्हाई सोसायचं." कशाचं काय घेऊन बसली कोण जाणे.

लालासाहेबही हल्ली शाळेवरून जाताना गाडीची काच वर करतात. त्या दिवशी रानात त्यांनी मोबाइलवर फोटो काढले होते, ते मी समोर उभं राहून पुसायला लावले. ऋषिराजचा प्रवेश पक्का केला.

दुधाचं तेवढं कळव. स्वप्नालीच्या मोबाइलवर दोन शब्द टाकलेस तरी चालेल.

सं.


ओंजळ शाळा,
शनिवार, १४ जून

त्रिशे,

गेल्या शनिवारी तुला पत्र लिहिलं तेव्हा ती दोन्ही माझ्या पायाशी होती. फळांच्या क्रेटमध्ये, माझ्या जुन्या लुगड्यावर. ती मांजराची नव्हती. एव्हाना तुला कळलंच असेल. तू मला ओळखतेस.

तू उत्तर पाठवलंस ना स्वप्नालीच्या मोबाइलवर, 'गाईचं दूध देऊ नकोस, ज्याचं आहे त्याच्याकडे ने'? ते मला सोमवारी दिसलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सरळ सांगते. बेणेमळा तोडताना सरीत दोन पिल्लं निघाली. मजूर पांगले. लालासाहेब म्हणाले, "बाई, माज्या रानात ही पीडा नको." वनखात्याला कळवलं असतं तर शिवतेज आला असता, त्याच्यामागे पिंजरा, पिंजऱ्यामागे मोबाइल घेऊन अख्खा तालुका. दुसऱ्या दिवशी पेपरात शाळेचं नाव. म्हणून मी ती उचलून बालवर्गात आणली आणि कडी लावली. वाटलं, दोन दिवस सांभाळू, गवगवा शमला की ठेवून येऊ. उंटावरून शेळ्या हाकणं मला आयुष्यभर जमलं, पण हे जनावर माझ्या वर्गातलं नव्हतं.

लहानगं त्या शनिवारी रात्रीच मेलं. मी दूध पाजत होते त्याने मेलं, दुसरं काही नाही. मुंगीला वाट करून देणारी तू, आणि तुलाच हे लिहावं लागतंय. ते मी बालवर्गाच्या मागे शेवग्याखाली पुरलं. दुसरं रविवारी संध्याकाळी सापडलं त्या जागी नेऊन टोपलीखाली ठेवलं. सोमवारी सकाळी टोपली बाजूला कलंडलेली, पिल्लू नाही. तिने नेलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत मी बालवर्ग फिनेलने धुऊन काढला.

पण तिची दोन होती गं.

रोज येते ती. मी पाहिलेली नाही, पण सकाळी कळतं. बालवर्गाच्या दाराचा नवा रंग खालच्या अंगाला ओरबाडलेला आहे. पाय धुवायच्या नळाशी चिखलात ठसे असतात, मी पाणी मारून ते मोडते. राखणीचं कुत्रं दिसत नाही. गुरुवारी भर सकाळी प्रार्थनेच्या ओट्यावर तिचा वास होता. उसात असती तर उसात लपली असती. तो ऊस मीच तोडायला लावला. आता तिला शाळेची बाग आणि पाणंदीपलीकडचा मक्याचा पट्टा एवढंच उरलंय. शिवतेजने सांगितलं होतं, तोडू नका. त्याच्या सांगण्याचा मी चहाबरोबर घोट घेतला.

तू म्हणशील, मग परवाचा दिवस पुढे ढकल. कसा ढकलू? काय कारण सांगू? कारण सांगितलं की सगळंच सांगावं लागणार. बिबट्याची पिल्लं ज्या खोलीत कोंडली, एक जिथं मेलं, त्या खोलीत कोण आपलं लेकरू बसवेल? शाळा संपली. तुझी नि माझी सगळी वर्षं संपली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हलगी लावू का पाणंदीत, म्हणूनही विचार केला. पण इतकी वर्षं मुकं चाललेले लोक विचारणार नाहीत का, आजच वाजंत्री कशाला? शिवाय घोळका मोठा आहे. सकाळची वेळ आहे. ती माणसाच्या वाटेला जात नाही, हे शिवतेजच म्हणाला होता. तिचं पिल्लू माणसाने नेल्यावरही जात नाही का, हे मी त्याला विचारलेलं नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. आर्जवला फोन लावला होता. म्हणणार होते, प्रांजलला सोमवारी आणू नकोस, मंगळवारपासून आण. त्याने उचलला. "बोला मावशी," म्हणाला. मागून प्रांजल ओरडत होती, नवी बॅग, नवी बॅग. आणि मला वाटलं, एकीला घरी ठेवून बाकीच्यांच्या पोरांना त्या वाटेने चालवायचं? तसला दुजाभाव मी कधी केला नाही. म्हणून म्हटलं, वेळेवर या, आणि फोन ठेवला.

हे कोणाला सांगू नकोस. मी तुझ्याकडे एवढंच मागतेय. झोप नाही, घास उतरत नाही, आणि हे सांगायला जगात दुसरं माणूस नाही. सोमवारी ये, माझ्या बाजूला उभी राहा. तू असलीस की मला धीर येतो, पूर्वीही यायचा, कधी बोलले नाही. प्रांजलचा हात तूच धर. पहिल्या रांगेत बालवर्ग असतो, तेवढं लक्षात ठेव.

संयोगिता


ओंजळ शाळा,
सोमवार, १६ जून, सकाळ

त्रिशलाबाई,

अभिनंदन. जिंकलीस.

साडेसात वाजून गेले. रांगोळी काढून झालीय. तांब्याची घंगाळं भरलीत. ओवाळायचं ताट तयार आहे. मी पैठणी नेसून दारात उभी होते आणि रस्त्यावर एक गाडी थांबली नाही. फोन लावले तर कोणी उचलत नाही. शेवटी त्या डॉक्टरीणबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "त्रिशलाताईंचा काल फोन आला होता. त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही कसं करू शकलात?" आणि ठेवला.

काल रविवारी दिवसभर हेच करत बसली होतीस ना? ओळखीच्या जुन्या पालकांना, त्यांच्याकडून नव्यांना? मी पाया पडून सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस. ज्या माणसाने पोटातलं सगळं तुझ्यापुढे ठेवलं त्याच्याच पोटावर पाय दिलास. दोन वर्षांपूर्वी भर सभेत केलंस, आता घरबसल्या केलंस. शाळा तुझीही होती. ती तूच बुडवलीस.

आता मी एकटी त्या पाणंदीने चालत जाणार आहे. रस्त्यापर्यंत. एकटं का होईना, एखादं घर आलं असेल, वाट बघत उभं असेल, तर त्याचं स्वागत मी करणार. रानमांजराला मी भीत नाही.


त्याच दिवशी, दुपार

त्रिशे,

वरचं फाडणार होते. मग म्हटलं राहू दे, तेही माझंच आहे.

मी निघाले. अनवाणी, आपल्या पद्धतीने. तोडलेल्या रानावरून रस्त्यापर्यंत सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी चालत राहिले, रागाने. शेवग्याजवळून जाताना पाहिलं तर खालची माती उकरलेली होती, नीट, चारी बाजूंनी. तरी मी थांबले नाही. मला वाटलं, कुत्र्याचं काम असेल. कुत्रं नाहीये हे मला माहीत होतं आणि तरी मला तसं वाटलं.

मक्याचा पट्टा जिथं पाणंदीला चिकटतो आणि वाट वळते, तिथं ती होती. वाटेच्या मधोमध, बसलेली. तिच्यापुढे ते होतं, मातीने माखलेलं. ती ते चाटत होती. इतके दिवस मातीत राहिलेलं, त्यात आता काय उरलं असणार, पण ती चाटत होती, नाकाने ढकलत होती, उठ म्हणत होती.

मी अचानक समोर आले. आवाज न करता. आपण पोरांना शिकवतो तसंच.

तिने वर पाहिलं. कान मागे गेले, अंग जमिनीला लागलं. मला पळताही येईना, ओरडताही येईना. मी एकटी होते, म्हातारी, उभीच्या उभी. माझ्या मागे रेटणारं कोणी नव्हतं, कोणी किंचाळलं नाही, कोणाचं लेकरू हात सोडून पुढे धावलं नाही. म्हणूनच ती थांबली असेल. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तिने ते तोंडात धरलं आणि ती मक्यात गेली. मक्याची पानं बराच वेळ हलत होती.

मी तिथंच मातीत बसले. त्या वळणावर पहिली रांग आली असती. पंचवीस-तीस बाया, पोरांचे हात धरलेल्या, मुक्याने, वळणापलीकडचं काही न दिसता, तिच्या अंगावर जाऊन पडल्या असत्या. पुढे बालवर्ग. बालवर्गात सगळ्यात पुढे उंचीने लहान पोर, म्हणजे तुझी प्रांजल. तिच्या शेजारी लालासाहेबांचा ऋषिराज. मी सगळ्यांना लिहून कळवलं होतं की शब्द रस्त्यावर ठेवून या.

तू माझी शाळा बुडवलीस असं मी सकाळी लिहिलं. त्रिशे, शाळा म्हणजे ती पोरं होती. ती तू वाचवलीस. मी भिंती वाचवत बसले होते.

शिवतेजला फोन केला. तो आला, आणखी दोन माणसं घेऊन. त्याने विचारलं, "मॅडम, पिल्लं किती होती?" मी दोन म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं, कुलूप, दूध, शेवगा. त्याने सगळं लिहून घेतलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाला, "तुमच्यावर गुन्हा दाखल व्हईल, मॅडम." मी म्हटलं, होऊ दे. ती अजून मक्यात आहे, जिवंत पिल्लू तिने कुठं ठेवलंय कळत नाही, ते पायावर उभं राहीपर्यंत ती हलणार नाही म्हणतात. पाणंद बंद केलीय. मी दार लावून लिहितेय आणि मक्याकडून मघापासून तो आवाज येतोय. मनुबाईने बरोबर सांगितलं होतं, करवत ओढल्यासारखा.

मग एकेका घरी मी स्वतः फोन केला. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी शिव्या दिल्या, ऋषिराजच्या आईने दोन्ही केलं. बुधवारी गावच्या मंदिरात सगळ्यांना बोलावलंय, रस्त्याकडेच्या, तिथं मक्याची भीती नाही. सगळे येणार म्हणाले. प्रवेश काढून घ्यायलाच येतील बहुतेक. आर्जव शेवटी होता. त्याने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि म्हणाला, "आई येणार आहे बुधवारी. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे उतरेल." हे पत्र त्याच्याच हाती देतेय.

तेव्हा एक सांगून ठेवते. मी पुढे उभी राहणार आहे आणि सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. माझ्या शेजारी तुझी खुर्ची ठेवणार नाही. माझ्याकडे बघून तुझं मन विरघळलं तरी पुढे येऊ नकोस, मला सावरून घेऊ नकोस. तू पालकांत बस, प्रांजलची आजी म्हणून. आणि मी 'विचारा' म्हटलं की पहिला प्रश्न तू विचार.

संयोगिता